खान्देशात रसेट बटाटा : बेण्यापासून निखाऱ्यापर्यंत

पहिल्या वर्षी काढलेले रसेट बटाटे ओट्यावर पसरले होते, तेव्हा शेजारचे जिभाऊ येऊन एक बटाटा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दादा, हाई काय शे? बटाटास्ले खरूज व्हयनी का?" त्यांचं चुकलं नव्हतं. आपल्याला गुळगुळीत, पिवळसर, पातळ सालीचा बटाटा माहीत. रसेटची साल तपकिरी, जाड आणि जाळीदार असते. बटाटा आतून फुगत जातो तसा सालीवरचा बुचासारखा थर तडकतो आणि जाळी तयार होते. तो रोग नव्हे, जातीचा गुण आहे.

ओळखायचं असेल तर नख फिरवून बघा. रसेटची जाळी साऱ्या बटाट्यावर सारखी पसरलेली आणि सपाट लागते. खरूज असेल तर ठिकठिकाणी खपल्या किंवा खड्डे असतात आणि नख त्यात अडकतं. बाजारात नेण्याआधी हा फरक स्वतःला नीट कळला पाहिजे, कारण व्यापारी पहिला प्रश्न हाच विचारतो.

मी साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठावर शेती करतो. रसेट लावायचा असेल त्याला मी सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. या बटाट्याची किंमत त्याच्या कोरडेपणात आहे. भाजला की रव्यासारखा मोकळा होतो, तळला की आत पोकळ-मऊ आणि वर कुरकुरीत राहतो, कारण त्यात पाणी कमी आणि पिष्ट जास्त असतं. हा कोरडेपणा स्वयंपाकघरात आणता येत नाही. तो शेतात, पाण्याच्या आणि खताच्या हिशोबात तयार होतो. म्हणून पुढची प्रत्येक पायरी त्याच नजरेनं वाचावी.

आधी जात आणि दिवस समजून घ्या

रसेट म्हणजे एकच जात नाही, तो जाळीदार सालीच्या जातींचा गट आहे. सगळ्यात प्रसिद्ध रसेट बरबँक. ल्यूथर बरबँक या अमेरिकन माणसानं १८७२ साली 'अर्ली रोझ' जातीच्या झाडाला आलेलं बोंड जपलं, त्यातलं बी पेरलं आणि त्या रोपांतून एक उत्तम बटाटा निवडला. १८७५ मध्ये त्यानं तो १५० डॉलरला विकला आणि कॅलिफोर्नियाला निघून गेला. त्या बटाट्याची साल गुळगुळीत होती. जाळीदार सालीचा प्रकार पुढे त्यातूनच निघाला आणि अमेरिकेतल्या आयडाहो राज्याची ओळख बनला.

पण रसेट बरबँक आपल्याकडचा नाही, हे मी स्पष्ट सांगतो. त्याला १३० दिवस किंवा त्याहून जास्त लागतात. आयडाहोत तो उन्हाळ्यात वाढतो, पण तिथल्या रात्री थंड आणि दिवस १५ तासांचा. आपल्याकडे बटाट्याचा हंगाम म्हणजे हिवाळा, आणि डिसेंबरात आपला दिवस जेमतेम ११ तासांचा. लांब दिवसांसाठी घडलेली जात इथे आखूड दिवसांत लवकर बटाटे धरते, पाला लहान राहतो आणि उतारा घटतो. शिवाय फेब्रुवारी सरत आला की आपल्याकडे जमीन तापू लागते. खरी थंडी साधारण १०० ते ११० दिवस हाताशी असते. त्यात बसेल तीच जात घ्यायची.

म्हणून मध्यम मुदतीचा रसेट निवडा. इनोव्हेटर ही मूळची डच जात त्यातली. लांबट आकार, जाळीदार साल आणि फिकट पिवळा गर. गुजरातेत फ्राईज बनवणाऱ्या कारखान्यांसाठी ती करारावर पिकवली जाते. तिचं बेणं मिळालंच नाही तर शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची कुफरी फ्रायसोना लावा. तिची साल जाळीदार नसते, पण आकार लांबट, गर कोरडा आणि ती आपल्यासारख्या आखूड दिवसांच्या हवामानासाठीच पैदा केलेली आहे. खाली दिलेली सगळी पद्धत तिलाही जशीच्या तशी लागू पडते.

बेणं

बाजारातला खायचा बटाटा बेण्याला वापरू नका. त्यावर कोंब रोखणारं औषध मारलेलं असू शकतं आणि विषाणू रोग तर दिसतही नाहीत. बेणं टॅग आणि पावतीसह घ्या. काही रसेट जाती कंपन्यांच्या हक्काखाली असतात, म्हणून २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा माहीत असलेला बरा. शेतकऱ्याला स्वतःच्या पिकातून बेणं राखता येतं, लावता येतं, देवघेव करता येतं. संरक्षित जातीचं बेणं ब्रँडच्या नावानं मात्र विकता येत नाही.

पहिल्या वर्षी एक गुंठाच करा. त्याला २५ किलोच्या आसपास बेणं लागतं.

बेणं शीतगृहातून लागवडीच्या १०-१५ दिवस आधी आणा. आल्या आल्या ढीग करू नका. ओसरीत किंवा दाट झाडाखाली, जिथे उजेड आहे पण ऊन नाही, अशा ठिकाणी एका थरात पसरा. कोंब आखूड, जाड आणि हिरवट-जांभळे यायला हवेत. अंधारात ठेवलं तर ते पांढरे, लांब आणि नाजूक येतात आणि लावताना मोडतात. कोंब न फुटलेला, मऊ पडलेला किंवा केसासारखा बारीक कोंब आलेला बटाटा बाजूला काढा.

शक्यतो ४०-५० ग्रॅमचा अख्खा बटाटा लावा. आपल्याकडे ऑक्टोबरअखेर जमीन अजून उबदार असते, त्यात कापलेली फोड सडते. मोठाच बटाटा आला असेल तर उभा कापा, म्हणजे टोकाकडचे जोमदार डोळे दोन्ही फोडींना मिळतात. प्रत्येक फोडीवर किमान दोन डोळे हवेत. मॅन्कोझेब शंखजिऱ्यात मिसळून फोडींना चोळा आणि दोन दिवस सावलीत वाळवा. कापाला राख लावायची जुनी रीत आमच्याही घरात होती. मी ती सोडली, कारण राखेनं मातीचा सामू वाढतो. आपली जमीन आधीच अल्कधर्मी आणि खरूज रोगाला तेच मानवतं.

जमीन

इथे खान्देशी शेतकऱ्याला मन घट्ट करावं लागतं. ज्या काळ्या कसदार जमिनीचा आपल्याला अभिमान आहे, ती या पिकाला सगळ्यात अवघड. ओली असताना ती चिकटते, पाणी धरून ठेवते. वाळली की भेगाळते, आणि त्या भेगांतून उजेड आत जाऊन बटाटा हिरवा पडतो, पाकोळीही (बटाट्यावर अंडी घालणारा पतंग) आत शिरते. लांबट बटाट्याला तर घट्ट मातीत सरळ वाढताच येत नाही. तापी, गिरणा, पांझरा, बोरी अशा नद्यांच्या काठची मळईची, पोयट्याची भुसभुशीत जमीन निवडा. काळीच असेल तर भरपूर कुजलेलं शेणखत आणि उंच वरंबा यांना पर्याय नाही.

आधीचं पीकही बघा. वांगी, मिरची, टोमॅटो ही बटाट्याचीच भावंडं. भरताच्या वांग्याच्या किंवा मिरचीच्या वावरात बटाटा लावला तर बांगडी रोग (झाड माना टाकतं तो) जमिनीतून आयता मिळतो. कपाशीचं रान वेळेवर मोकळं होत नाही. मूग किंवा उडीद निघालेलं रान सगळ्यात चांगलं, कारण ते सप्टेंबरात रिकामं होतं आणि मशागतीला महिना मिळतो.

एका गुंठ्याला २५० किलो शेणखत धरा, पण ते पूर्ण कुजलेलंच. ताज्या शेणखतानं खरूज आणि हुमणी दोन्ही येतात.

लागवड आणि खत

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, एवढाच काळ. दिवाळी कधी येते त्यावर जाऊ नका, पहाटेच्या गारव्यावर जा. रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली टिकू लागलं की लावा. बटाटे धरण्याच्या वेळी रात्र त्याहून उबदार असेल तर झाड पाला वाढवत बसतं.

दोन वरंब्यांत ७५ सेंटिमीटर आणि दोन बटाट्यांत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. कुणी म्हणेल एवढी जागा वाया का घालवायची? रसेटला मोठा, लांब बटाटाच शोभतो आणि भर लावायला, म्हणजे झाडाच्या बुडाशी चढवायला, माती हवी असते, ती याच अंतरातून मिळते. बेणं ७-८ सेंटिमीटर खोल, कोंब वर करून ठेवा. माती वाफशावर हवी. चिखलात लावू नका.

खताआधी माती तपासून घ्या. माझ्या रानात मी गुंठ्याला दीड किलो डीएपी, अडीच किलो युरिया आणि अडीच किलो सल्फेट ऑफ पोटॅश देतो. डीएपी, पोटॅश आणि निम्मा युरिया लागवडीला, उरलेला युरिया भर लावताना. त्यानंतर नत्राचा एक दाणाही नाही. जास्त नत्रानं पाला डोळे दिपवतो, पण बटाटा उशिरा पिकतो आणि पाणचट राहतो. पोटॅशही सल्फेटचंच घ्या. म्युरेट स्वस्त आहे, पण त्यातल्या क्लोराइडनं बटाट्यातला कोरडा अंश कमी होतो, आणि आपण सगळी खटपट त्या कोरड्या अंशासाठीच करतोय.

लागवडीनंतर २५-३० दिवसांनी झाडं वीतभर झाली की भर लावा. वरंबा २०-२५ सेंटिमीटर उंच झाला पाहिजे. पुढे पाण्यानं माती ओघळली, भेगा पडल्या तर पुन्हा भर घाला. हे काम टाळलं तर वरचे बटाटे हिरवे निघतात आणि ते खाण्याच्या लायकीचे राहत नाहीत.

पाणी

या एका गोष्टीवर मी दोन हंगाम चुकलो, म्हणून सविस्तर सांगतो.

आमच्या पांझरेवर फड पद्धत आहे. बंधाऱ्याचं पाणी पाटानं, पाळीपाळीनं रानात येतं. पिढ्यान् पिढ्या गहू, हरभरा, ऊस त्यावर पिकले आणि त्या व्यवस्थेबद्दल मला आदर आहे. पण रसेट पाळीची वाट बघू शकत नाही. माती वाळली की बटाट्याची वाढ थांबते. मग भरपूर पाणी आलं की ती पुन्हा एकदम सुरू होते, पण सरळ नाही. बटाट्याला बाजूनं गाठी फुटतात, टोकं निमुळती होतात, मोठ्या बटाट्यात मधोमध पोकळी पडते. देठाकडच्या टोकाला साखर साठते आणि तळताना नेमकं तेच टोक काळं पडतं. पहिल्या वर्षी माझे निम्मे बटाटे असे आल्याच्या कांड्यासारखे निघाले.

उपाय ठिबकचा. वरंब्यावर एक लॅटरल (ठिबकची नळी) आणि थोडं थोडं पाणी वारंवार. किती मिनिटं चालवायचं ते जमिनीवर ठरतं, म्हणून घड्याळापेक्षा हातावर विश्वास ठेवा. वरंब्यात वीतभर खोल हात घालून माती मुठीत दाबा. गोळा व्हावा, पण बोटाला चिखल लागू नये. गोळा होत नसेल तर उशीर झाला.

लागवडीनंतर साधारण ३५ ते ७० दिवस हा काळ सगळ्यात नाजूक. बटाटे धरतात तेव्हाच माती कोरडी पडली तर खरूजही तेव्हाच लागते. या दिवसांत गावाला जायचं असेल तर व्हॉल्व्ह कुणाच्या तरी हाती सोपवून जा.

पाणी शेवटी तोडणं तितकंच महत्त्वाचं. काढणीच्या १० दिवस आधी हलक्या जमिनीत आणि १५ दिवस आधी काळ्या जमिनीत पाणी पूर्ण बंद करा.

रोग-किडी

कोरड्या थंडीत आपल्याकडे लवकर येणारा करपा जास्त दिसतो, पानांवर गोल वलयांचे तपकिरी ठिपके. ढगाळ हवा, धुई किंवा अवकाळी पाऊस आला तर उशिरा येणारा करपा काही दिवसांत रान झोपवतो. आभाळ भरून येताच १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम मॅन्कोझेबची फवारणी करा, ठिपके दिसायची वाट बघू नका. मावा-तुडतुड्यांसाठी पिवळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क. बांगडी रोगानं माना टाकलेलं झाड मात्र मातीसकट उपटून रानाबाहेर न्या.

खरी शत्रू पाकोळी. ती उघड्या बटाट्यावर अंडी घालते आणि अळी आत बोगदे करते. भर नीट असेल तर शेतात ती फार करू शकत नाही. तिला संधी मिळते काढणीच्या रात्री.

काढणी

पाला पिवळा पडू लागला की जमिनीलगत कापा आणि बटाटे १०-१५ दिवस मातीतच राहू द्या. या दिवसांत साल पक्की होते. एक बटाटा काढून अंगठ्यानं जोरात घासा, साल सरकली नाही तर काढा. साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रान मोकळं व्हायला हवं.

कुदळ वरंब्याच्या बाजूनं, लांबून घाला. लांबट बटाटा वरून मारलेल्या घावात हमखास सापडतो. सकाळी काढा, दुपारच्या उन्हात पडू देऊ नका आणि एकही बटाटा रात्रभर उघडा ठेवू नका. झाकायला बटाट्याचाच पाला वापरतात, ते टाळा. पाकोळी त्याच पाल्यात असते.

सावलीत, हवेशीर जागी गुडघाभर उंचीचं आरण (ढीग) लावून १०-१५ दिवस राहू द्या. बारीक जखमा भरून येतात. वरून कडुलिंबाचा किंवा घाणेरीचा वाळलेला पाला दोन बोटं जाड पसरला की पाकोळी दूर राहते. कुदळ लागलेले बटाटे वेगळे करून आधी संपवा.

कोरडेपणा कसा तपासायचा

एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि बटाटा धुऊन त्यात सोडा. बुडाला तर त्यात साधारण २० टक्के किंवा जास्त कोरडा अंश आहे, भाजायला आणि तळायला उत्तम. तरंगला तर त्याची भाजी करा. मी प्रत्येक वरंब्याचे दहा-दहा बटाटे असे तपासतो. कुठे पाणी जास्त झालं, कुठे ओघळ साचला, ते या बादलीत स्पष्ट दिसतं. फ्राईज किंवा वेफर्सवाल्याशी भाव बोलताना ही बादली सोबत न्या.

साठवण

घरात अंधार, वारा आणि गारवा असेल तर होळीपर्यंत काळजी नाही. त्यापुढे आपल्या उन्हाळ्यात बटाटा टिकत नाही. पण फ्रिजमध्ये किंवा २ ते ४ अंशांच्या नेहमीच्या शीतगृहात खायचा रसेट ठेवू नका. त्या थंडीत पिष्टाची साखर होते आणि तळताना तो काळपट पडतो. तळणीसाठी १० ते १२ अंश योग्य. चुकून गोड झालाच तर दोन-तीन आठवडे घरातल्या गारव्यात ठेवून बघा, बरीचशी साखर उतरते.

चुलीवर

रसेटचं खरं सुख निखाऱ्यात आहे, आणि योग असा की तो निघतो तेव्हा आपल्याकडे पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे, ढीग पडलेले असतात. ज्या पऱ्हाट्यांवर आपण वांगी भाजतो, त्याच पेटवा. ज्वाळा विझून निखारा झाला की पावशेराचे बटाटे धुऊन, कोरडे करून, काट्यानं दोन-चार ठिकाणी टोचून गरम राखेत पुरा. पाऊण तास ते तास. काडी आरपार सहज गेली की बाहेर. जाड साल जळते, पण आतला गर वाचवते. पातळ सालीच्या पुखराज जातीला हे झेपत नाही.

बाहेर काढताच लगेच फोडा आणि वाफ जाऊ द्या. तसाच ठेवला तर आतल्या वाफेनं गर चिकट होतो. ओव्हनमध्ये करणाऱ्यांनीही २०० अंशांवर तासभर, चांदीच्या कागदात न गुंडाळता भाजावा, कारण गुंडाळला की तो भाजत नाही, उकडतो.

आता भरीत. साल काढून गर लाकडी बडगीत हलक्या हातानं ठेचा. भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण आधी ठेचून ठेवा. तेलात शेंगदाणे तळा, ठेचा परता, कांद्याची पात आणि कोथिंबीर घाला आणि मग गर. वांग्याच्या भरितापेक्षा हे तेल जास्त पितं, हात आखडू नका. सोबत कळण्याची भाकरी. आई म्हणते वांग्याच्या भरिताची सर नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेते.

मिक्सरमध्ये मात्र हा बटाटा कधीही फिरवू नका, पिष्ट सुटून डिंकासारखा गोळा होतो. बटाटेवड्याचं सारण, आलू पराठा, साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या आणि पापड यांना रसेट मनासारखा लागतो. पाणी कमी असल्यानं सारण सैल पडत नाही आणि वाळवण एक-दोन उन्हांत कडक होतं. रस्सा किंवा पोह्यातल्या फोडींसाठी तो घेऊ नका, विरघळून जाईल. तिथे पुखराज किंवा ज्योतीच बरी.

तळायचे असतील तर बोटभर जाडीचे लांब काप करून, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून निथळा आणि कापडावर पूर्ण कोरडे करा. पहिलं तळण मध्यम, १५० ते १६० अंशांच्या तेलात, रंग न येऊ देता. गार होऊ द्या. दुसरं तळण १८० अंशांच्या कडकडीत तेलात, सोनेरी होईपर्यंत. मीठ शेवटी.

पुढच्या वर्षाचं बेणं

बेणं राखायचं असेल तर त्यासाठी दोन वरंबे वेगळे ठेवा. त्यातली पानं गुंडाळलेली, चट्टेरी किंवा खुजी झाडं दिसतील तशी बटाट्यासकट उपटून टाका. जानेवारीच्या मध्यावर, मावा वाढायच्या आत, या दोन वरंब्यांचा पाला कापा. बटाटे लहान राहतील, तेच हवेत. साल पक्की झाल्यावर काढून, वाळवून, वेगळ्या गोणीत जातीचं नाव आणि वर्ष लिहून शीतगृहात द्या. बेण्याला २ ते ४ अंशांची थंडीच लागते. तीन वर्षांनी तरी नवं बेणं आणा, तोवर विषाणू साठलेले असतात. यंदाची माझी गोणी ५० किलोची आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती आणायला जाईन, तेव्हा त्यातलं थोडं बेणं जिभाऊंच्या वरंब्यांसाठीही असेल.